ओहायो स्टेट वि. टेक्सास, ३० ऑगस्ट २०२५: पहिल्याच सामन्यात गतविजेत्यांचं काय होणार?

कोलंबसकर | २५ ऑगस्ट २०२५, २१:१०

नमनाला घडाभर तेल नको. शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल मोसमातली आपली पहिलीच लढत आणि पाहुणे कोण, तर टेक्सास. एपी वृत्तसंस्थेच्या मोसमपूर्व क्रमवारीत ते पहिले, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच. पेन स्टेट दुसरे, गतविजेते आपण, म्हणजे ओहायो स्टेट, तिसरे. मैदान आपलं: १९२२ सालचं, घोड्याच्या नालेसारखं ओहायो स्टेडियम, आसनं १,०२,७८०. किकऑफ कोलंबसच्या घड्याळात दुपारी १२, ऑस्टिनला सकाळी ११, पुण्या-मुंबईला रात्री ९:३०. म्हणजे आरत्या आटोपून निवांत बसता येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिंकू, पण गुण कमी होतील आणि शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत जीव टांगणीला राहील.

जानेवारीत विजेतेपद जिंकलेल्या संघातले १४ जण एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) गेले. बचावाची पुढची फळी तर अख्खीच गेली: सॉयर, टुइमोलोआऊ, टायलीक विल्यम्स, टाय हॅमिल्टन. बचावातले नेहमी सुरुवात करणारे तिघेच उरलेत, केलेब डाउन्स, सनी स्टाइल्स आणि डेव्हिसन इग्बिनोसन. दोन्ही समन्वयक (बचाव आणि आक्रमण आखणारे प्रशिक्षक) नवे. जिम नोल्स पेन स्टेटला गेले, त्यांच्या जागी मॅट पट्रीशिया. चिप केली लास व्हेगास रेडर्सकडे गेले, आता प्ले (आक्रमणाची प्रत्येक चाल) ब्रायन हार्टलाइन बोलणार. क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) ज्युलियन सेयिन, ज्यानं गेल्या मोसमात सगळे मिळून १२ पास टाकलेत. लिंकन कीनहोल्झशी त्याची चुरस होती, १८ तारखेला मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी सेयिनचं नाव जाहीर केलं.

जमेची बाजू एका शब्दात: जेरमाया स्मिथ, आपला रिसीव्हर (पास झेलणारा). पहिल्या वर्षी ७६ झेल, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन.

घ्या, सुरू करा.

शिंगवाला | २५ ऑगस्ट २०२५, २१:५८

"पाहुणे कोण, तर टेक्सास" असं लिहिताना हात थरथरला का हो? :)

मुद्द्याचं बोलू. दोन्हीकडे क्वार्टरबॅक कोवळे म्हणून सगळे एका मापानं मोजताहेत, ते चूक आहे. आमच्या आर्च मॅनिंगनं गेल्या वर्षी ९० पैकी ६१ पास पूर्ण केले, ९३९ यार्ड, ९ टचडाउन, २ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले पास). दोन सामन्यांत सुरुवात केली. शिवाय तो धावतो. यूटीएसएविरुद्ध ६७ यार्डांची धाव घराण्याच्या कुठल्याही काकाला (पेटन आणि ईलाय, दोघेही नामांकित क्वार्टरबॅक) जमली नसती.

दुसरं म्हणजे परक्या मैदानाची भीती आम्हाला घालू नका. गेले दोन मोसम प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर टेक्सास एकदाही हरलेलं नाही. २०२३ला अलाबामाला ३४-२४, २०२४ला मिशिगनला ३१-१२. मिशिगनचा सामनाही दुपारी १२चाच होता आणि तिथलं स्टेडियम तुमच्याहून मोठं आहे.

माझा अंदाज: टेक्सास २७-१७.

मधली_फळी | २५ ऑगस्ट २०२५, २३:२०

क्वार्टरबॅकवरून भांडण म्हणजे बाशिंगावरून नवरा पारखणं. दोन्ही संघांच्या आक्रमणाच्या फळ्या नव्या आहेत, सामना तिथे ठरेल.

टेक्सास: केल्विन बँक्स ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला. पाचांपैकी एकटा डीजे कॅम्पबेल जुना. डाव्या टॅकलला (फळीच्या टोकाला) ट्रेव्हर गूस्बी, मध्ये कोल हटसन. प्रत्येकाचा सुटा खेळ चांगला आहे. पण पाच जणांची फळी सुट्या खेळावर चालत नाही, ती बोलण्यावर चालते. स्नॅपच्या (चेंडू मागे देण्याच्या) आधी सेंटर, म्हणजे फळीतला मधला, बोटानं "माइक" (बचावाच्या पुढच्या फळीमागचा मधला लाइनबॅकर) कोण ते दाखवतो, त्यावरून सगळ्यांची सरकण्याची दिशा ठरते. पाचातल्या एकानं डावीकडे ऐकलं आणि चौघांनी उजवीकडे, की मधून एक माणूस थेट क्वार्टरबॅकच्या बरगड्यांवर. ही चूक पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त दिसते, कारण सरावात समोर आपलेच लोक असतात आणि त्यांच्या चाली तोंडपाठ असतात.

ओहायो स्टेट: जॉश सिमन्स आणि डोनोव्हन जॅक्सन दोघेही पहिल्या फेरीत गेले. सीरव्हेल्ड आता डाव्या टॅकलला, मिनेसोटाहून आलेला फिलिप डॅनियल्स उजव्या बाजूच्या शर्यतीत. समोर कोण? कॉलिन सिमन्स, गेल्या वर्षी पहिल्याच मोसमात ९ सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं). आणि अँथनी हिल, ११३ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), ८ सॅक, जो आतून आणि बाहेरून दोन्हीकडून येतो.

माझं भाकीत: दोन्ही संघ मिळून ४० गुण होणार नाहीत.

नवखी_प्रेक्षक | २६ ऑगस्ट २०२५, ०८:०५

क्षमस्व, बाळबोध प्रश्न. क्रिकेट कळतं, हे अर्धवट कळतं. चार डाउन म्हणजे चार चेंडूंची ओव्हर समजू का? आणि पहिलाच सामना हरला तर सगळं संपलं का?

गणपतराव_गोलपोस्ट | २६ ऑगस्ट २०२५, ०८:४०

ओव्हर समजा, पण अशी ओव्हर की चार चेंडूंत दहा यार्ड पुढे गेलात तर नवे चार चेंडू मिळतात. नाही गेलात तर चेंडू समोरच्याला, जिथे थांबलात तिथेच. म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक संघ पंट करून चेंडू लांब लाथाडतात, किंवा गोलपोस्ट आवाक्यात असेल तर किक मारून ३ गुण घेतात. टचडाउनचे ६ आणि वर एक किक.

संपत वगैरे काही नाही. प्लेऑफला आता १२ संघ. गेल्या मोसमात ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलं, प्लेऑफला आठवं मानांकन मिळालं आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेतंही झालं. मात्र हरणाऱ्याची पुढची मोकळीक जाते. मोसमात दोन हारी चालून जातात, तिसरीला समितीसमोर हात जोडावे लागतात. त्यातली एक ऑगस्टमध्येच खर्च झाली तर नोव्हेंबर जड जातो.

रच्याकने, शनिवारी टीव्हीवर ली कॉर्सो यांचा शेवटचा कार्यक्रम आहे, आणि तोही कोलंबसमधूनच. १९९६ साली शुभंकराचं डोकं घालून विजेता सांगण्याची पद्धत त्यांनी इथेच सुरू केली, ते डोकं होतं ओहायो स्टेटच्या ब्रूटस बकायचं. शनिवारी ते कुठलं डोकं घालणार यावर पैज लावायची असेल तर माझ्याकडे या.

आडवा_पास | २६ ऑगस्ट २०२५, १३:१५

मॅट पट्रीशियांबद्दल लोक उगाच नाकं मुरडताहेत. डेट्रॉइटला मुख्य प्रशिक्षक म्हणून जमलं नाही हे खरं. पण पेट्रियट्सच्या बचावाची सूत्रं त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली आणि शिक्षणानं ते विमानविद्येचे अभियंता आहेत. कोवळ्या क्वार्टरबॅकला फसवणं हा त्यांचा जुना धंदा.

नेमकं काय करतील ते लिहितो, म्हणजे बघताना ओळखता येईल.

स्नॅपच्या आधी दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंना, अगदी फळीत येऊन उभे राहतील. बघणाऱ्याला वाटतं सहा-सात जण चाल करणार. सेंटरला त्या दोघांचा हिशेब ठेवावाच लागतो, म्हणून फळी आत सरकते आणि रनिंगबॅकही मध्ये बघतो. स्नॅप होताच ते दोघे मागे पळतात आणि निकेल (कडेचा जादा बचावपटू) किंवा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) बाहेरून येतो. चाल करणारे शेवटी चारच, पण त्यातला एक असा, ज्याला अडवायला कोणीच नाही. क्वार्टरबॅकला मात्र सात आले असं वाटून तो घाईनं जवळचा पास टाकतो, नेमका तिथे मागे पळालेला लाइनबॅकर उभा असतो.

यात डाउन्स हुकमाचा पत्ता. तो सेफ्टी म्हणून १५ यार्डांवर दिसेल, पाच सेकंदांनी लाइनबॅकरच्या जागी, स्नॅपला पुन्हा मागे. आर्चला प्रत्येक प्लेआधी पहिला प्रश्न पडेल: डाउन्स कुठे आहे? त्यात दोन सेकंद गेले की झालं. हेल्मेटमधला रेडिओ मदतीला नसतो. प्ले-क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. पट्रीशिया खरा चेहरा दाखवणार तो त्यानंतरच.

शिंगवाला | २६ ऑगस्ट २०२५, १८:३०

आडवा_पास, लेख झकास. पण आमचे प्रशिक्षक सार्किशियन काय हातावर हात ठेवून बसणारेत का? त्यांच्याकडे याचा उतारा आहे, मोशन. रिसीव्हरला स्नॅपआधी एका कडेहून दुसऱ्या कडेला चालवायचं. बचावाचा एक माणूस त्याच्याबरोबर पूर्ण मैदान पार करून धावला तर मॅन कव्हरेज (एकास एक). सगळे एकेक पाऊल सरकून थांबले तर झोन (प्रत्येकाचा आपापला पट्टा). झालं उत्तर.

आणि बाहेरून येणारा निकेल म्हणजे आर्चला पळायला मोकळं रान. मागे पळालेल्या लाइनबॅकरची पाठ क्वार्टरबॅककडे असते.

आडवा_पास | २६ ऑगस्ट २०२५, १९:०२

मोशनबरोबर माणूस पळाला म्हणजे मॅन, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. पट्रीशिया मुद्दाम एकाला पळवून मागे झोनच खेळतील, हेही जुनंच आहे. धावण्याचा मुद्दा मात्र मान्य. तिथे सनी स्टाइल्स किंवा आर्व्हेल रीस यांच्यापैकी एकाला फक्त आर्चवर नजर ठेवायला बसवावं लागेल. तो एक माणूस पासच्या बचावातून वजा. म्हणजे आमच्यासमोरचा टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) एंड्रीज मधल्या पट्ट्यात मोकळा सापडायला हवा, ७-८ यार्डांवर. टेक्सास जिंकलं तर असल्या कंटाळवाण्या पासवर जिंकेल, ६७ यार्डांच्या धावेवर नाही.

मधली_फळी | २६ ऑगस्ट २०२५, २२:४५

गोंगाटाबद्दल थोडं, कारण त्याला कोणी हात लावला नाही.

लाखभर लोक ओरडत असताना तोंडी "हट" चालत नाही. मग मूक मोजणी. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये पाच यार्ड मागे उभा, तो पाय उचलतो. गार्ड मागे वळून तेच बघत असतो. तो सेंटरच्या मांडीवर थाप मारतो, सेंटर डोकं वर करतो, मनात ठरलेला आकडा मोजतो आणि चेंडू मागे देतो. यात तोटे दोन. पहिला, गार्डची नजर मागे असल्यानं समोरचा माणूस कुठे सरकला ते त्याला उशिरा कळतं. दुसरा मोठा: डोकं वर झालं की बचावाच्या फळीला घंटा मिळते. दोन-तीन प्लेमध्ये त्यांना आकडा पाठ होतो आणि टॅकलच्या आधी एज रशर सुटतो.

उतारा म्हणजे दर थोड्या वेळानं आकडा बदलणं. कधी डोकं दोनदा हलवणं, कधी स्नॅपच न घेणं. पण नव्या फळीत आकडा बदलला की चौघांपैकी एक जण हमखास आधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. पहिल्या क्वार्टरमध्ये टेक्सासचे असे दंड मोजा. तीनच्या वर गेले तर शिंगवाल्यांनी गणपतीला नारळ बोलावा.

कोलंबसकर | २७ ऑगस्ट २०२५, ०७:३०

आमच्या आक्रमणावर कोणी बोलेना. सेयिनला पाठीशी घालायचं तर हार्टलाइननी काय करावं?

बाप्पा मोरया सगळ्यांना!

आडवा_पास | २७ ऑगस्ट २०२५, १२:१०

मोरया! पहिल्या अर्ध्या तासात लांब पास विसरा. स्लँट, हिच, स्क्रीन, म्हणजे चेंडू हातातून दोन-अडीच सेकंदांत सुटला पाहिजे. कॉलिन सिमन्सला अडवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय. लांबचा टाकायचाच तर सात जण अडवायला ठेवा, दोघे-तिघेच रिसीव्हर पाठवा.

स्मिथवर दोघे असणार हे लिहून घ्या. जानेवारीत कॉटन बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, टेक्सासनं त्याला एका झेलावर, ३ यार्डांवर रोखलं होतं. पद्धत साधी: कॉर्नर खालून, सेफ्टी वरून, आत वळला तरी माणूस, बाहेर वळला तरी माणूस. टाफ हा सेफ्टी त्यात वाकबगार आहे, डाव पटकन वाचतो. पण दोघे एकावर म्हणजे दुसऱ्या कडेला कार्नेल टेट एकास एक. सेयिननं हिरोगिरी न करता तिकडे टाकायचं. दिवसात एक-दोनदाच जमेल, पण तेवढं पुरेल.

धावण्यावर मला भरवसा कमी. हेंडरसन आणि जडकिन्स दोघे गेले. जेम्स पीपल्स आणि वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला सीजे डोनाल्डसन. डोनाल्डसन दणकट आहे, एका यार्डासाठी चांगला, ४० यार्डांसाठी नाही.

शिंगवाला | २७ ऑगस्ट २०२५, १८:५५

आमच्या बचावाची मधली जोडी, कॉलिन्स आणि ब्रॉटन, ड्राफ्टमध्ये गेली. जाहडे बॅरनही गेला. मधल्या जागा ट्रान्सफरनं भरल्यात आणि त्यातला हिरो कानू तर तुमच्याकडूनच आलाय. तुमच्या सेंटरच्या सवयी त्याला ठाऊक असणार.

चौथा_डाउन | २८ ऑगस्ट २०२५, ०९:२०

सगळे प्ले आखून झाले असतील तर एका यार्डाबद्दल बोलू.

१० जानेवारी, कॉटन बोल. ओहायो स्टेट २१-१४ पुढे, टेक्सास एका यार्डावर, पहिला डाउन. पहिल्या प्रयत्नात काही मिळालं नाही. दुसऱ्याला रनिंगबॅक विस्नरला कडेनं टॉस (बाजूला फेक), उणे ७ यार्ड. तिसऱ्याला पास वाया. चौथ्याला आठ यार्डांवरून त्यांचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ईवर्स मागे गेला, सॉयरनं चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळवला. २८-१४, खेळ खल्लास.

लोकांना सॉयरची धाव आठवते. चूक आधीच्या टॉसमध्ये होती. गोलरेषेवर बचावाला मागचं मैदान राखायचंच नसतं, अकराच्या अकरा जण पुढे असतात. अशा वेळी चेंडू बाजूला टाकला की धावणारा पाच-सहा यार्ड मागे, आडवा पळत असतो आणि कडेचा माणूस एकच पाऊल पुढे आला तरी सगळं कोसळतं. सरळ घुसण्यात फार तर शून्य मिळतं. आडवं जाण्यात उणे सात मिळतात, आणि उणे सातमुळे चौथ्या डाउनचा पर्यायच बदलतो.

आता आर्च, सहा फूट चार इंच, २१९ पौंड. स्नीक (क्वार्टरबॅकनं स्वतः चेंडू घेऊन मधून सरळ घुसणं) हा त्यांचा नैसर्गिक उपाय असायला हवा. पण समोर केडन मॅकडॉनल्ड, सव्वातीनशे पौंडांचा नोज टॅकल. तो सेंटरच्या छातीखाली घुसून गुडघ्यांपाशी ढीग करेल, मागून लाइनबॅकर ढिगावरून येतील. स्नीक यशस्वी व्हायला सेंटर आणि दोन्ही गार्डांनी पहिल्या पावलालाच समोरच्यापेक्षा खाली असावं लागतं. उंच क्वार्टरबॅकचा तोटा हा की तो सरळ उभा राहिला तर पकडायला सोपा.

किकिंगकडे कोणी बघितलंय का? आपला किकर जेडन फील्डिंग यानं मिशिगनविरुद्ध ३८ आणि ३४ यार्डांवरून दोन चुकवल्या होत्या. टेक्सासनं टेक्सास स्टेटहून किकर मेसन शिप्ली आणलाय. दोन्ही प्रशिक्षक ३५-४० यार्डांवरून किकऐवजी चौथा डाउन खेळतील असा माझा कयास आहे. जो चौथा डाउन जिंकेल तो सामना जिंकेल.

ओहायो स्टेट १७-१३.

कोलंबसकर | २८ ऑगस्ट २०२५, १०:०५

+१. आमच्या किकरबद्दल जास्त बोलू नये, अपशकुन होतो.

नवखी_प्रेक्षक | २८ ऑगस्ट २०२५, २१:४०

धन्स सगळ्यांना. यंदा नियम काही बदललेत का? म्हणजे बघताना गोंधळ नको.

गणपतराव_गोलपोस्ट | २९ ऑगस्ट २०२५, ०७:१५

तीन लक्षात ठेवा. एक, चेंडू पुढच्या प्लेसाठी ठेवल्यावर कोणी खेळाडू अचानक "जखमी" होऊन लोळला तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट जातो. वेगवान आक्रमणाची लय मोडायची ही जुनी युक्ती होती. दोन, किक झेलणाऱ्या संघातल्या कोणीही हातांनी टी केला की ती किक परत पळवता येत नाही, खेळ तिथेच मृत. तीन, तिसऱ्या ओव्हरटाइमपासून पुढे प्रत्येकाला एकच टाइमआउट.

प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी दोन मिनिटं उरली की आपोआप थांबतात, ते गेल्या वर्षीपासूनचं आहे. चहा टाकायला तेवढा वेळ पुरतो.

इतिहासप्रेमींसाठी: २००५ला कोलंबसमध्ये टेक्सास २५-२२, २००६ला ऑस्टिनमध्ये ओहायो स्टेट २४-७, जानेवारी २००९च्या फिएस्टा बोलमध्ये टेक्सास २४-२१, यंदा जानेवारीत ओहायो स्टेट २८-१४. दोन-दोन बरोबरी. पहिल्या दोन्ही वेळा पाहुणे जिंकलेत, तेवढं कोलंबसकरांनी ध्यानात घ्यावं.

शिंगवाला | २९ ऑगस्ट २०२५, २०:१०

गणपतराव, तुमच्या तोंडात साखर पडो. २००५च्या विजयातला विन्स यंगचा तो पास आठवून आजची झोप लागेल.

मधली_फळी | २९ ऑगस्ट २०२५, २२:३०

उद्या जे बघणार आहेत त्यांना एकच विनंती: पहिल्या दोन मालिकांत चेंडूकडे बघू नका. स्नॅपनंतर टेक्सासचा उजवा टॅकल ब्रँडन बेकर आणि समोरचा केडन करी किंवा केन्याटा जॅक्सन यांच्याकडे बघा. बेकरची पावलं मागे जाताना एकमेकांना ओलांडली तर समजा त्याला मदत लागणार. मदतीला टाइट एंड थांबला की एंड्रीज पाससाठी उरत नाही, आणि आडवा_पास म्हणाले ते ७-८ यार्डांचे पास बंद.

२०-१३, ओहायो स्टेट.

कोलंबसकर | ३० ऑगस्ट २०२५, १६:२०

ओहायो स्टेट १४, टेक्सास ७. घसा गेलाय, नंतर लिहितो. कॉर्सोंनी ब्रूटसचंच डोकं घातलं. गणपतराव, पैजेचे पैसे?

चौथा_डाउन | ३० ऑगस्ट २०२५, १८:४५

आकडे लावून ठेवतो. एकूण यार्ड: टेक्सास ३३६, ओहायो स्टेट २०३. चौथ्या डाउनला टेक्सास पाचात एक. आर्च ३० पैकी १७, १७० यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन (जर्मेन मॅथ्यूज). सेयिन २० पैकी १३, १२६ यार्ड, एक टचडाउन, इंटरसेप्शन नाही.

१३३ यार्ड जास्त करून हरणं म्हणजे पिठाची गोणी घरात आणि पोळी एकच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथा डाउन, एक यार्ड, आर्चचा स्नीक, आणि ओहायोचा ढीग. तिथे सामना गेला.

आडवा_पास | ३० ऑगस्ट २०२५, १९:३०

स्मिथ ६ झेल, पण फक्त ४३ यार्ड. दोघे होतेच त्याच्यावर. आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला टेट एकास एक, ४० यार्ड, टचडाउन. एकदाच जमलं, तेवढं पुरलं. पहिला टचडाउन डोनाल्डसनचा, एका यार्डावरून. त्याला आणलाच होता त्यासाठी.

पट्रीशियांच्या नावानं नाकं मुरडणारे कुठे गेले?

शिंगवाला | ३० ऑगस्ट २०२५, २१:००

इनो घेऊन आलोय. आमच्या बचावानं २०३ यार्डच दिले, त्यांचं कौतुक कोणी करणार की नाही? धावून १६६ यार्ड काढले, म्हणजे मधली_फळी ज्या फळीची काळजी करत होते ती पळण्यात बरी ठरली. पासमध्ये आर्चचे पाय जमिनीवर टिकत नव्हते, बरेच पास रिसीव्हरच्या मागे किंवा पायाशी. रिसीव्हर लिव्हिंगस्टोनला ३२ यार्डांचा टचडाउन पास टाकला तेव्हा साडेतीन मिनिटंही उरली नव्हती. तोच पास दुसऱ्या क्वार्टरमध्ये टाकला असता तर?

मधली_फळी | ३० ऑगस्ट २०२५, २१:४०

कौतुक केलंच पाहिजे, हिल आणि सिमन्स दोघांनी सेयिनला लांब टाकायला उसंतच दिली नाही.

पास मागे पडण्याचं कारण पायातच होतं. चाल खरी की खोटी हे ठरवताना तो टाचांवर रेंगाळायचा, मग पुढचा पाय लक्ष्याकडे न टाकता हातानंच फेकायचा. चेंडू वेळेआधी खाली येतो. हे सरावानं सुटतं, दोन-तीन आठवड्यांत.

नवखी_प्रेक्षक | ३१ ऑगस्ट २०२५, ०९:१०

मला एक कळलं नाही. ७-० मागे असताना एका यार्डावरून ३ गुणांची किक का नाही मारली? ७-३ झाले असते.

चौथा_डाउन | ३१ ऑगस्ट २०२५, ०९:५५

खेळणंच योग्य होतं. मिळालं तर बरोबरी. नाही मिळालं तर नव्या क्वार्टरबॅकला स्वतःच्या गोलरेषेला पाठ टेकवून सुरुवात करावी लागते. तिथून तो पास टाकायला कचरतो, पंटही जवळच पडतो. म्हणजे चेंडू गमावूनही जागा तुमचीच राहते. ३ गुण घेतले तर त्यानंतर किकऑफ, आणि ओहायो बहुतेक २५ यार्डांवरून निघतं.

निर्णय बरोबर, प्ले चुकला. दिवसभर पळून यार्ड मिळत असताना मॅकडॉनल्डच्या अंगावर स्नीक कशाला? प्ले अ‍ॅक्शन (धावण्याचं सोंग) करून एंड्रीजला कोपऱ्यात पास टाकायचा.

शिंगवाला | ३१ ऑगस्ट २०२५, १०:२०

जानेवारीत आडवे गेलो तर म्हणालात सरळ घुसायला हवं होतं. आता सरळ घुसलो तर म्हणता पास टाका.

चौथा_डाउन | ३१ ऑगस्ट २०२५, १०:३१

जानेवारीत दुसरा डाउन होता हो, पुढे दोन प्रयत्न शिल्लक होते. काल चौथा होता. शून्य आणि उणे सात यांत काल फरकच नव्हता.

शिंगवाला | ३१ ऑगस्ट २०२५, १०:५०

हे मात्र खरं. बरं, परतीचा सामना १२ सप्टेंबर २०२६ला ऑस्टिनमध्ये आहे. सप्टेंबरातलं तिथलं ऊन बघून टोपी आणा.